माझ्या यादीतल्या परक्या ओळी

फोनच्या नोट्समध्ये माझं एक पान आहे. त्याचं नाव नुसतं ‘यादी’. आखातातल्या या शहरात रस्त्यात, लिफ्टमध्ये, वेस्ट बेमधल्या आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत काही दिसलं किंवा कानावर पडलं की ते मी एका ओळीत तिथे टाकते. त्या ओळीला महिनाभर हात लावायचा नाही, हा माझा नियम. महिन्यानंतर पान उघडलं की कधीकधी एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दोन ओळी शेजारी आलेल्या असतात आणि त्यातून काहीतरी सुरू होतं. ‘कँटीनमधला एक माणूस रोज दोन चहा घेतो, एकच पितो’ ही एक ओळ होती. तिच्या खाली, दुसऱ्या दिवशीची, ‘दुकानात एक माणूस फोनवर कुणाला तरी साडीचा रंग समजावून सांगत होता, त्याला जांभळ्यासाठी शब्द सापडत नव्हता.’ ही दोन वेगळी माणसं वेगळ्या ठिकाणी पाहिलेली. पण खालीवर वाचताना तो एकच माणूस झाला आणि मला एक कथा मिळाली. ती मी ठरवून लिहायला बसले असते तर लिहिता आली नसती.

अशा कथा मी कुठे छापत नाही. आम्ही पाच जणी शनिवारी सकाळी मुशैरिबमधल्या एका कॉफीच्या दुकानात जमतो आणि एकमेकींना लिहिलेलं वाचून दाखवतो. एवढंच.

माझ्या कामाबद्दलही सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्याला माझं कामही थोडं जबाबदार आहे. मी एका इंजिनिअरिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. ड्रॉइंगची कोणती आवृत्ती खरी, बदल कुणी केला, कधी केला, कुणाला न सांगता केला, हे दिवसभर बघायचं. बारा वर्षं हे काम केल्यावर माणूस स्वयंपाकघरातला डबा जागेवरून हललेला दिसला तरी कुणी हलवला ते विचारतो. नवरा मला घरातली ऑडिटर म्हणतो. मूळचा स्वभावही तसाच असावा. कामाने त्याला पगार मिळवून दिला.

जूनमध्ये यादीत एक ओळ दिसली. ‘नळाचं पाणी दुपारी इतकं तापतं की गार पाणी हवं असेल तर गिझर बंद ठेवून त्यातलं घ्यायचं.’ इथल्या उन्हाळ्यात प्रत्येक घरात हेच चालतं. मी लिहिलं असणार आणि विसरले असणार, असं वाटलं. तरी डोक्यात राहिलं, कारण मी ‘गार’ म्हणत नाही, ‘थंड’ म्हणते.

आठवड्याने आणखी एक आली. ‘विसाव्या मजल्यावर मशीनच्या मागं कबुतरानं वायरच्या तुकड्यांचं घरटं केलंय. लई नीट विणलंय. अंडी गरम हायती.’

ही माझी नव्हती. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि मी ‘हायती’ म्हणत नाही. कुणीतरी माझ्या फोनमध्ये लिहीत होतं.

पहिला संशय मुलीवर गेला, पण तो पाच मिनिटंही टिकला नाही. ती चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. देवनागरीत तिने शेवटचं काय लिहिलं असेल ते आजीच्या वाढदिवसाचं कार्ड. मग नवरा. तो गॅसच्या प्लांटवर जातो, पहाटे निघतो, संध्याकाळी येतो, फोन इकडेतिकडे पडलेले असतात. त्याच्याबद्दल मी विचार करत होते तेवढ्यात तिसरी ओळ आली. ‘शुक्रवारी तिला सांगायचं. समुद्राच्या कडेला एक माणूस मासे पकडायला बसलेला, पण गळाला काहीच लावलेलं नव्हतं. म्हणाला, मासे आले तर उठावं लागंल.’

मासेवाला माणूस सोडून मी ‘तिला’ या शब्दाकडे बघत राहिले. शुक्रवारी कुणाला सांगायचं?

त्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मी नवऱ्यावर लक्ष ठेवलं. त्याने सकाळी नाशिकला बहिणीला फोन केला, तिच्या गुडघ्याबद्दल बोलला, मग जेवून झोपला. तो उठल्यावर मी सरळ विचारलं, “तू माझ्या फोनमध्ये काही लिहितोस का?”

“मी माझ्या फोनमध्ये काही लिहीत नाही,” तो म्हणाला, “तुझ्यात कशाला लिहू?”

हे पटण्यासारखं होतं. शिवाय तो पक्का नाशिकचा. ‘लागंल’ त्याच्या तोंडातून चेष्टेतसुद्धा येणार नाही.

‘लागंल’ मात्र आमच्या शनिवारच्या गटातल्या एकीच्या तोंडात येतं. ती परभणीकडची. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. एरवी पुस्तकासारखं बोलते, पण हसायला किंवा भांडायला लागली की थेट परभणी. आणि तिच्या हातात मी माझा फोन दिला होता. मे महिन्यात एकदा माझी कथा तिला पुन्हा वाचायची होती म्हणून फोन उघडून तिच्यापुढे ठेवला आणि मी कॉफी आणायला गेले होते.

त्यानंतर मला सगळं तिच्याशी जुळताना दिसायला लागलं. तिच्या मोबाईलमध्ये माझं पान तिने कसंतरी जोडून घेतलं असणार. पण ती का लिहील? याचंही उत्तर माझ्याकडे होतं. ती मला पारखत होती. चांगल्या ओळी माझ्या यादीत टाकायच्या आणि मी त्या आपल्या म्हणून वापरते का बघायचं.

मी सापळा लावला. कबुतराच्या ओळीखाली लिहिलं, ‘हे कोण लिहितंय?’

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना पान उघडलं तर माझा प्रश्न गायब होता. बाकी सगळं जागच्या जागी. कुणीतरी तो वाचला होता आणि पुसला होता. पुढे चार दिवस काहीही आलं नाही. पाचव्या दिवशी एवढंच आलं, ‘पिलं निघाली.’

मग ऑगस्टमध्ये ती ओळ आली. ‘आज एका घरी म्हातारी एसी बंद करू देईना. म्हणाली, हा आवाज थांबला की घरात कुणीच नाही असं वाटतं.’

ती वाचून मी काय केलं ते सांगायला मला अजून संकोच वाटतो. माझी नाही हे मला माहीत होतं. सापळा असू शकतो हेही माहीत होतं. महिनाभर थांबायचा माझाच नियम मी पाळला नाही. माझ्या यादीत बऱ्याच दिवसांपासून एक ओळ पडून होती, मुलगा आणि सून कामावर गेल्यावर नातवाचा ब्लेझर अंगावर घालून बसणाऱ्या एका आजीची. दोन्ही ओळी जवळ आल्या आणि तीन दिवसांत कथा झाली. आतापर्यंत लिहिलेल्या सगळ्यांत बरी. माझं मन मला सांगत होतं, यादीत आलं ते यादीचं. अशी वाक्यं मला कामावर कुणी ऐकवली असती तर मी त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला असता.

सप्टेंबरच्या एका शनिवारी मी ती वाचली. मग माझी परभणीची मैत्रीण म्हणाली, “कथा चांगलीच आहे. पण ती एसीच्या आवाजाची ओळ तुझी वाटत नाही.”

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या दृष्टीने तिने कबुली दिली होती.

बाकीच्या निघून गेल्यावर मी तिला थांबवलं. “ती ओळ माझी नाही हे तुला कसं माहीत?”

“माहीत नाही. वाटलं.”

“तुलाच कसं वाटलं?”

“म्हणजे?”

“म्हणजे मे महिन्यापासून माझ्या फोनमध्ये कोण लिहितंय ते मला कळलंय, असं समज.”

तिला आधी काही समजलंच नाही. मी सगळं सांगितलं. गळ, कबुतर, पुसलेला प्रश्न. “तुझ्या फोनला मी हात लावला तो तू दिलास म्हणून,” ती म्हणाली. “आणि मला तुझी परीक्षा घ्यायचीय असं वाटलं तुला? कामून घेऊ मी तुझी परीक्षा?” ‘कामून’ म्हणजे कशासाठी. यादीतही एका ओळीत तो शब्द होता. मी तेही बोलून दाखवलं. ती पर्स उचलून निघाली आणि पुढचे तीन शनिवार आली नाही.

खरं काय ते मुलीमुळे कळलं, आणि तेही सहज. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मी सोफ्यावर बसून यादी वाचत असताना माझ्या डोळ्यांदेखत खाली अक्षरं उमटायला लागली. ‘आज नवीन बिल्डिंग. लिफ्ट बंद. सोळा मजले’ आणि थांबली. फोन माझ्या हातात होता आणि माझी बोटं हलत नव्हती. मी मुलीला हाक मारली. तिने फोन घेतला, सेटिंग्जमध्ये दोनतीन ठिकाणी गेली आणि म्हणाली, “आई, देअर आर टू फोन्स हिअर. दिस वन इज युअर ओल्ड फोन. यू नेव्हर लॉग्ड आऊट.”

जुना फोन. तो मी एप्रिलमध्ये देऊन टाकला होता.

उन्हाळ्याआधी बिल्डिंगच्या देखभालीवाल्यांनी एसीच्या सर्व्हिससाठी एक माणूस पाठवला होता. चाळिशीचा, सडपातळ. आम्ही हिंदीत बोलत होतो, पण त्याने बाल्कनीतून आत बघत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्यावर मला कळलं की तो आपल्याकडचा आहे. लातूर जिल्ह्यातला. मग ‘मॅडम’ची ‘ताई’ झाली. शिडीवरून उतरताना त्याचा फोन खाली फरशीवर पडला आणि काच पार फुटली. बायकोशी बोलायचं ते याच्यावरच, असं तो म्हणाला. माझा जुना फोन कपाटात नुसता पडून होता. मी फोटो पुसले, सिम काढलं आणि त्याला दिला. दुसऱ्यांची ड्रॉइंग कुणाला उघडता येतात हे रोज तपासणारी मी, स्वतःचं खातं बंद करायला विसरले.

आता उलगडा झाला तर बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. जे मला दिसत होतं ते त्यालाही दिसत होतं, हे लगेच लक्षात आलं. यादीत नुसत्या कथांच्या ओळी नसतात. नवऱ्याबद्दल असतं, सासूबाईंबद्दल असतं, ऑफिसातल्या माणसांबद्दल असतं. त्याने माझा प्रश्न पुसला होता. म्हणजे त्याला माहीत होतं. सहा महिने माझं वाचून तो गप्प का राहिला? मनात नाही नाही ते आलं. मी बिल्डिंगच्या वॉचमनकडे खोटी तक्रार नोंदवली की हॉलचा एसी थंड होत नाही, आणि तोच माणूस पाठवा म्हणून सांगितलं.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. एसी चालू होता, हॉल थंड पडलेला होता. त्याने एकदा मशीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शिडी भिंतीला टेकवून ठेवली. मग खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

“घ्या ताई,” तो म्हणाला. “मी काई केलं न्हाई. कंपनीत सांगू नका.”

“बसा आधी,” मी म्हणाले. “तुम्ही माझं सगळं वाचत होतात?”

“पयल्यांदा वाटलं जाहिराती आसतील. फोनात येतंय की कायबी. मंग एक दिवस माझ्याबद्दलच लिवलेलं आलं.”

“तुमच्याबद्दल?”

त्याने ती ओळ पाठ म्हणून दाखवली. एप्रिलमध्ये तो येऊन गेल्यावर मी लिहिली होती, ‘एसीवाला मशीन उघडण्याआधी तिला टिचकी मारून ऐकतो, डॉक्टर पोट तपासतात तसं.’ मी ती पार विसरले होते.

“तवा कळलं तुमी हाय,” तो म्हणाला. “लई भ्यालो. म्हणलं ताई आपल्यावर नजर ठेवायल्या. फोन कामून दिला मंग फुकट? कुणीबी आसं देत न्हाई. लिवून साहेबाला देतेल आन आपलं खलास.”

मी घरच्यांवर आणि मैत्रिणीवर संशय घेत होते त्याच महिन्यांत तो माझ्यावर घेत होता. आणि त्याला जास्त कारण होतं. माझं जाऊन जाऊन काय जाणार होतं? त्याची नोकरी गेली असती.

“मग प्रश्न पुसलात?”

“पुसला. चार दिस फोन पेटीत ठुला. पर हप्ताभराचं बायकोला सांगायचं ते इसरतंय. शुक्रवारीच नीट बोलणं व्हतंय आमचं. तिला म्हणलं तर सगळं सांगावं लागतंय, काय बगितलं, काय खाल्लं. म्हणून मी बोलून ठेवायलो त्याच्यात, दुसरं पान काढता येत न्हाई मला. ते आपोआप लिवतंय.”

तर ‘तिला’ म्हणजे त्याची बायको. मी अख्खा शुक्रवार नवऱ्यावर नजर ठेवून होते ते आठवून मला कानकोंड्यासारखं झालं.

“आनि एक सांगायचंय,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा खाली बघायला लागला. “तुमची एक वळ मी घेतली. लिफ्टमदी रिकामा पिंजरा घेऊन उभा ऱ्हायलेला माणूस. ती बायकोला माझी म्हणून सांगितली. तर ती म्हणली, पुढं काय झालं? आता काय सांगावं? म्हणलं, त्याचा पोपट उडून गेलता, तो पिंजरा घेऊन मजल्या-मजल्यावर फिरायलाय. दुसऱ्या शुक्रवारी पुन्यांदा इचारलं. आता जुलैपसून चालूय ते. त्या पोपटाला आता चार भाषा येतात.”

पिंजरेवाला माणूस माझ्या यादीत वर्षभर पडून होता. मी त्याच्याभोवती कितीतरी वेळा फिरले होते आणि मला त्याच्यात काही सापडलं नव्हतं. या माणसाला बायकोने एक प्रश्न विचारला आणि तेवढ्यावर तो तीन महिने चालला. मला हेवा वाटला, हे लपवून उपयोग नाही. खरंच त्याने रचलं की कुठे ऐकलं, असाही विचार येऊन गेला. मी पोपटाचं पुढचं विचारलं तेव्हा त्याने न अडखळता सांगितलं, आणि सांगताना एका ठिकाणी थांबून त्याने आधीचं चुकलं म्हणून दुरुस्तही केलं. ऐकलेली गोष्ट कुणी असं दुरुस्त करत नाही.

मग मी त्याला माझं सांगितलं. म्हातारीची ओळ मी घेतली, कथा केली, चारचौघींत वाचली. तो रागावला नाही. कथा वाचून दाखवा म्हणाला. मी वाचली. मी दिलेला चहा तसाच ठेवून त्याने ऐकली.

“बरी हाय,” तो म्हणाला. “पर तुमी तिला मशीन बंद व्हतंय तिथंच सोडलंय. तसं न्हवतं झालं. सर्व्हिस कराया मशीन बंद करावंच लागतंय. मी म्हणलं, आजी, अर्धा तास बंद ऱ्हाईल, तवर मी बोलतो. मंग काम करत करत बोलत बसलो. माझं गाव, म्हशी, आईचं. ती मल्याळी, तिला माझं निम्मं कळायलं नव्हतं. काम झालं तरी थोडा येळ बोललो.”

“हे तुम्ही लिहिलं नव्हतं.”

“बायकोला काय सांगायचं त्यात? मीच बोललो ते.”

मी दोघांसाठी एक वेगळं पान ठेवू म्हणून सुचवलं. त्याने नको म्हटलं. तुम्ही वाचणार हे कळल्यापासून बायकोला सांगायचं ते वेगळंच व्हायला लागलंय, नटवल्यासारखं, असं त्याचं म्हणणं होतं. मुलीने शाळेतून आल्यावर त्या फोनवरचं माझं खातं काढून टाकलं, त्याचं स्वतःचं उघडून दिलं आणि त्याच्या ओळी तिकडे नेल्या. त्याने तिला अरबीत “शुक्रन”, म्हणजे धन्यवाद, म्हटलं, ती मराठीत “ठीक आहे” म्हणाली. पुढच्या महिन्यात त्याची बदली पार उत्तरेच्या टोकाला, मदिनत अश शमालच्या एका कामावर झाली. आमच्याकडे आता दुसरा माणूस येतो.

मैत्रिणीकडे मी त्याच आठवड्यात गेले. दारातच सगळं सांगून टाकलं, कारण आत बसल्यावर मी स्वतःची बाजू मांडत बसले असते.

“मग मला ती ओळ तुझी का वाटली नाही, ते तरी विचारशील का आता?” ती म्हणाली.

“का?”

“तुझ्या कथांतली माणसं बघत असतात. ऐकत कुणीच नाही. त्या ओळीत कुणीतरी ऐकत होतं.”

तिने मला आत घेतलं, चहा केला, पण त्या दिवशी परभणीच्या बोलीवर आली नाही.

कथा मी पुन्हा लिहिली. एसी बंद असताना बोलत राहणारा माणूस त्यात घातला आणि ब्लेझर काढून टाकला, कारण दोन्ही एका कथेत मावत नव्हते. वाचायच्या आधी मी त्याला फोन करून विचारलं. तो हो म्हणाला, फक्त गावाचं नाव नको म्हणाला. शनिवारी वाचून झाल्यावर मैत्रिणीने पहिला प्रश्न केला, “त्यांना विचारलंस?”

“विचारलं.”

“मग आता बोलू या,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या पानावरच्या दोन चुका दाखवल्या.

ती पुन्हा दर शनिवारी येते. फोन मात्र मी पुढे केला तरी हातात घेत नाही, मलाच वाचायला सांगते. आणि माझ्या लिखाणात एखादी ओळ जरा बरी जमली की मान वर करून विचारते, “ही कुणाची?” मी सांगते. कधी ती पॅन्ट्रीतली असते, कधी लिफ्टमधली, कधी नवऱ्याची. कधीकधी माझी असते, पण ते तिला पटवून द्यायला वेळ लागतो.